माप देणारा माणूस

मुंबईच्या जुन्या चित्रांसमोर उरणचा माणूस उभा राहिला की तो आधी आपली टेकडी शोधतो. फार शोधावे लागत नाही. बंदराचे पाणी, त्यावर शिडांची जहाजे, जहाजांच्या मागे फिकट निळ्या रेघेसारखा पलीकडचा किनारा, आणि त्या रेघेवर दोन उंचवटे. दक्षिणेचा द्रोणागिरी, उत्तरेचा मोऱ्याकडचा. दोहोंच्या मधल्या खोलगटात उरण गाव आहे. ते दिसत नाही. दिसावे असे चित्रकाराच्या मनातही नाही. त्याला चौकटीची पूर्वेची बाजू बंद करायला एक निळी रेघ हवी होती, ती करंजा बेटाने पुरवली.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील या कोरीव चित्रांचे आणि नकाशांचे कौतुक अलीकडे फार वाढले आहे. जुन्या ग्रंथांतून पाने सुटी करून ती चौकटीत बसवली जातात, कचेऱ्यांच्या आणि हॉटेलांच्या भिंतींवर लावली जातात, दिनदर्शिकांवर छापली जातात. 'जुनी मुंबई किती शांत, किती सुंदर होती' असा सुस्कारा त्यांच्याखाली हमखास ऐकू येतो. सुस्कारा टाकणाऱ्याला आपण एकच प्रश्न विचारला पाहिजे. बाबा रे, या चित्रात तुझा पणजोबा कुठे उभा आहे? ज्यांना या प्रश्नाचे उत्तर सुखाचे वाटते त्यांनी ती चित्रे खुशाल पाहावीत. ज्यांना ते तसे वाटत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे.

चित्रकार कुठे बसला आहे, हे आपली कलासमीक्षा सहसा विचारत नाही. ती छायाप्रकाशाबद्दल बोलते, रेषेच्या लालित्याबद्दल बोलते. मुंबईच्या चित्रांची कहाणी मात्र याच प्रश्नाने सुरू होते, आणि तिचे पहिले उत्तर मोठे मासलेवाईक आहे. चित्रकार मुंबईत नव्हताच! ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमधल्या आपल्या मुख्य कचेरीसाठी १७३१-३२ च्या सुमारास आपल्या ठाण्यांची सहा तैलचित्रे करवून घेतली. त्यांत मुंबई होती, मद्रास, कलकत्ता आणि तेल्लीचेरी होती, सेंट हेलेना आणि केप ऑफ गुड होपही होते. जॉर्ज लॅम्बर्टने जमीन रंगवली, सॅम्युअल स्कॉटने जहाजे रंगवली. दोघांपैकी एकानेही हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. पुढे १७५४ मध्ये यान व्हॅन राईनने कोरलेले मुंबईचे दृश्य लंडनच्या रॉबर्ट सेयरने विकायला काढले. तोही इकडे आल्याचे दिसत नाही. किल्ला, निशाणे, तोफांचा धूर सोडणारी जहाजे एवढे असले की मुंबई झाली. भागधारकाला आपला पैसा कुठे गुंतला आहे ते भिंतीवर दिसले पाहिजे, ही त्या चित्रामागची गरज होती. चित्र म्हणजे मालमत्तेची पावतीच होती म्हणा.

जेम्स वेल्स हा या मंडळींत वेगळा, हे मान्य करायला हवे. स्कॉटलंडचा हा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, इथे राहिला, पुण्याच्या दरबारात गेला, सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. साष्टीत लेण्यांचे काम करताना ताप भरून तो १७९५ साली वारला. त्याची मुंबई आणि आसपासची बारा दृश्ये १८०० मध्ये लंडनला ग्रंथरूपाने निघाली. त्यांत मलबार हिलवरून, शीवच्या किल्ल्यावरून, माझगावच्या बेलमाँट बंगल्याच्या आवारातून दिसणारी मुंबई आहे. ब्रीचचा बांध आहे आणि घारापुरीवरून दिसणारा देखावाही आहे. हे सगळे त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. पाण्यावरची दुपार कशी असते हे त्याला कळले होते. अशा चित्रांना 'साम्राज्यवादी' अशी एक चिठ्ठी चिकटवून मोकळे होणे आळसाचे आहे, आणि आपल्या काही तरुण टीकाकारांत हा आळस शिरला आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पण वेल्सने निवडलेल्या जागा पाहा. मलबार हिल, बेलमाँट, शीवचा किल्ला. एक टेकडी, एक बंगला, एक गढी. उंचावरून, सावलीतून, राखणदारांच्या आतून पाहिलेले शहर आहे हे. हीच जागा पुढच्या प्रत्येक चित्रकाराने घेतली. विल्यम वेस्टॉलचे 'मुंबई बंदरात येणारा पावसाळा' हे चित्र ग्रिंडलेच्या पश्चिम हिंदुस्थानवरील ग्रंथात १८२६ मध्ये आले. काळे ढग बंदरावर उतरताहेत असे ते दृश्य अतिशय गाजले. गाजावे असेच आहे. मात्र पावसाळा 'येतो' असे ज्याला दिसते तो छपराखाली असतो. करंजा-मोऱ्याच्या कोळ्याला पावसाळा दिसत नाही. त्याला होडी ओढून किनाऱ्यावर घ्यायची असते, वल्हे आणि जाळी आत न्यायची असतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत खायचे काय याचा हिशोब करायचा असतो.

ही चित्रे घडत कशी, तेही समजून घेतले पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, ती तापवून चिकटवायची, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. राळेच्या कणांमधून तेजाब तांबे खाते आणि छापताना तिथे धुरकट छटा उमटते. जिथे छटा फिकी हवी तिथे लाख लावून झाकायचे आणि बाकीचा पत्रा पुन्हा बुडवायचा. आकाश आणि पाणी यांच्यासाठी ही पद्धत वरदान ठरली. छापून झाल्यावर प्रत्येक प्रत हाताने रंगवली जाई. म्हणजे चित्राखाली नाव एकाचे, पत्रा कोरणारा दुसरा, रंग भरणारी माणसे तिसरी, आणि त्या तिसऱ्यांचे नाव बहुधा कुठेच नाही. लंडनमध्येही कामकऱ्याचे नाव पुसले जात होते, एवढा दिलासा आपण घेऊ शकतो! वेल्सबरोबर पुण्यात गंगाराम तांबट नावाचा एक चित्रकार काम करत होता. रेसिडेंट मॅलेटने त्याच्याकडून वेरुळच्या लेण्यांची चित्रे करवून घेतली. तांबटाच्या घरातला हा माणूस कागदावर लेणी मोजून उतरवत होता. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या शाळांतल्या चित्रकलेच्या तासाला त्याचे नाव किती वेळा घेतले जाते?

आता मुद्द्याला येतो. या चित्रांत आपली माणसे नाहीत, अशी तक्रार आपण करत आलो आहोत. मीही केली आहे. ही तक्रार चुकीची आहे. आपली माणसे या चित्रांत आहेत, जवळपास प्रत्येक चित्रात आहेत. खालच्या कोपऱ्यात, वडाखाली बसलेली, डोक्यावर ओझे घेतलेली, पालखी खाली ठेवून विसावलेली. त्यांना चेहरा नाही. त्यांच्या पाठी आपल्याकडे आहेत, नाहीतर तोंडाच्या जागी नखाएवढा तपकिरी ठिपका आहे. मग ती तिथे कशासाठी आहेत? तो वड किती मोठा, तो किल्ल्याचा बुरूज किती उंच, ते मैदान किती विस्तीर्ण, हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून. माणसाएवढ्या उंचीची एखादी गोष्ट चित्रात असल्याशिवाय उंची कळत नाही. त्या काळच्या निसर्गचित्राचा हा सर्वमान्य संकेत होता. म्हणजे आपला माणूस चित्रात माप म्हणून उभा आहे. फूटपट्टी जशी काम झाल्यावर खिशात जाते, तसा तो पाहणाऱ्याच्या नजरेतून निघून जातो.

हे एकदा लक्षात आले की नकाशांकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईला आला. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्ये निघाला, आणि मुंबईभोवतीच्या बेटांच्या यादीत करंजा आहे. कार्स्टन नीबूर १७६३ मध्ये येऊन वर्षभर राहिला, त्याने घारापुरीची लेणी मोजली, रेखाटली. पुढे इंग्रजी आरमाराचे नकाशे आले. या दर्यावर्दी नकाशांत समुद्र आकड्यांनी भरलेला असतो. ते आकडे खोलीचे. दोरीला शिसे बांधून तळ किती वाव आहे ते मोजायचे आणि लिहायचे. तळाला वाळू की चिखल तेही लिहायचे. जमीन मात्र जवळजवळ कोरी. जमिनीवर फक्त जहाजाला दुरून दिसेल तेवढेच, म्हणजे टेकडी, देऊळ, चर्च, एखादे उंच झाड. द्रोणागिरी नकाशात आहे तो याच नात्याने. बंदरात शिरणाऱ्या सुकाणूवाल्याची खूण म्हणून. इथेही आपले डोंगर मापच देतात.

भरती आणि ओहोटी यांच्यामधली पट्टी या नकाशांत चिखल म्हणून ठिपक्यांनी दाखवलेली असते. जहाजाला तिचा उपयोग नाही. उरणच्या बाईला मात्र तीच पट्टी म्हणजे कालवे, खेकडे, निवट्या. तिच्याच वरच्या अंगाला आगरी शेतकऱ्यांनी बांध घालून, उघाड्या ठेवून खाऱ्या पाण्यातून भातखाचर काढले आणि मिठागरे घडवली. करंजा बेट पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आले, मराठ्यांकडून १७७५ च्या सुमारास इंग्रजांकडे गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिले. तहाच्या कागदावर साष्टी, करंजा, घारापुरी ही नुसती नावे आहेत. त्यानंतर उरणचे मीठ आणि उरणच्या भट्ट्यांतली मोहाची दारू मुंबईच्या बाजारात जात राहिली. देखाव्यात उरण निळी रेघ होते, आणि जमाखर्चात मात्र चांगले ठळक होते. (ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागत नाही, उतारू खोळंबतात, हे इथले रोजचे रडगाणे आहे. नकाशातले वावांचे आकडे लाँचसाठी मोजलेले नव्हते, हे तेव्हा आठवते.)

जमिनीचे नकाशे आले ते महसुलासाठी. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने मुंबई इलाख्यात शेतवार मोजणी सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे गणित आपल्या सातबाऱ्यात आजही आहे. पण मोजणीदाराने साखळी कुठून टाकायची? गावाची शीव कुठे आहे हे त्याला कोण सांगणार? हे सांगणारा माणूस गावात एकच होता, महार. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. शिवेचे दगड त्याने राखायचे, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावत जाऊन शीव दाखवायची. देशावर त्याला वतनाच्या नावाखाली जमिनीचा तुकडा होता, कोकणात खोताचा अंमल होता. शीव दाखवण्याचे काम दोन्हीकडे त्याच्याच माथी. कागदी नकाशा होण्याआधी महाराचे पाय हाच गावाचा नकाशा होता. आणि ज्याच्या साक्षीने साऱ्या गावाची हद्द ठरली, त्याचे स्वतःचे घर हद्दीच्या काठावर. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक आणले, ते या रात्रंदिवसाच्या राबणुकीविरुद्ध होते. वतन प्रत्यक्षात गेले १९५८ च्या कायद्याने. चित्रातल्या कोपऱ्यातला ठिपका आणि शिवेवरचा महार यांचे नाते मला इथे दिसते. दोघांकडूनही माप घेतले गेले आणि जागा दोघांनाही दिली गेली नाही. पहिल्याबाबतीत परक्याने तसे केले, दुसऱ्याबाबतीत आपल्या गावाने. साहेबाला दोष देताना गावाला सोडून देणारी टीका आपल्या उपयोगाची नाही.

घारापुरीचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. हे बेट उरण तालुक्यात मोडते. मुंबई बंदरातले दुसरे कुठलेही बेट इतके काढले गेले नसेल. नीबूर, वेल्स, डॅनियल काका-पुतणे सगळे तिथे बसून गेले. लेण्याचे खांब काळोखात कसे बुडतात आणि दाराशी प्रकाशाचा तुकडा कसा पडतो, हे दाखवण्याची चढाओढच लागली होती. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले, तो १८१४ मध्ये मोडला, १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईला राणीच्या बागेत गेले आणि १९१४ मध्ये जोडून तो तिथे उभा केला गेला. आज तो भायखळ्यालाच आहे. नाव परक्यांनी दिलेले आणि ज्याच्यावरून दिले तो हत्तीही शहरात! १९८७ मध्ये लेणी जागतिक वारशात गेली. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या बेटावरच्या तीन वस्त्यांत कायमची वीज समुद्राखालच्या केबलने आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. लेण्यातल्या काळोखाची तारीफ करणाऱ्या ग्रंथांची चळत लागेल, पण तिन्ही वस्त्यांतल्या काळोखाबद्दल एकही पान त्यात सापडणार नाही.

येथवरचे सगळे साहेबाच्या खात्यावर टाकता येईल, असे कुणाला वाटेल. म्हणून पुढचे सांगतो. मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या 'मार्ग' या कलाविषयक त्रैमासिकाने १९६५ मध्ये मुंबईच्या भवितव्यावर अंक काढला. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी त्यात बंदराच्या पलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. याच 'मार्ग'ने १९९७ मध्ये मुंबईच्या जुन्या चित्रांवर आणि नकाशांवर देखणा ग्रंथ काढला. एकाच प्रकाशनाच्या पानांवर आमचा किनारा एकदा जुनी निळी रेघ म्हणून येतो आणि एकदा नव्या शहराची मोकळी जागा म्हणून. त्या तिघांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. जमीन सरकारने घ्यावी, तिच्या वाढणाऱ्या किमतीतून शहर उभे राहावे, गर्दीने गुदमरलेल्या मुंबईला श्वास मिळावा, असा तो विचार होता. पण पाहणारा कुठे उभा आहे? पुन्हा मुंबईच्या बाजूलाच. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांवर नव्या शहराची रेघ ओढली गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण मारले गेले, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांच्या लक्षात आले की त्या मोकळ्या जागेत माणसे राहतात. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मिळवले. २६ मे १९८९ रोजी न्हावाशेवा बंदर सुरू झाले.

या लढ्याबद्दल मला नितांत आदर आहे. म्हणूनच एक अवघड गोष्ट बोलतो. साडेबारा टक्के हा हिशोब ज्याच्या नावाचा सातबारा, त्याचा. मिठागरात अनवाणी मीठ ओढणारा, दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणारा, बौद्धवाड्यातला आणि कातकरवाडीतला माणूस यांच्या नावाने मुळात जमीनच कुठे होती? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच होतात. त्यांची गोष्ट वेगळी मांडावी लागली, वेगळ्या अर्जांनी, वेगळ्या खेटे घालण्यांनी. ज्यांच्या पूर्वजांनी शीव दाखवली त्यांना मोबदल्याच्या वेळी नकाशाने ओळखले नाही. चळवळीनेही हे पुरेसे ओळखले असे म्हणता येत नाही. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांच्या संपात नारायण नागू पाटील आणि बाबासाहेब खोतीविरुद्ध एकत्र उभे राहिले होते. आगरी कुळ आणि महार मजूर यांचे दुःख एकमेकांना जोडून पाहण्याची ती परंपरा आपल्या घरची आहे. तिचा विसर पडावा हे आपल्याला परवडणारे नाही.

साहित्याचा विचार करताना हाच प्रश्न मला कसोटी म्हणून उपयोगी वाटतो. मुंबईचे वर्णन लावणीनेही केले. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी रचली, तिच्यात शहराची नवलाई आहे, आणि ती पाहायला आलेल्या माणसाची आहे. अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईचीच लावणी रचली ती गिरणगावातून, ओझे उचलणाऱ्याच्या उंचीवरून. बापूराव कुलकर्ण्यांच्या घरात जन्मले आणि तमाशात आले, पवळाबरोबर फडावर उभे राहिले, त्यासाठी त्यांनी किंमत मोजली. त्यांना कमी लेखायचे नाही. पण दोन लावण्यांत कवीची उभे राहण्याची जागा बदलली आहे आणि तेवढ्याने शहर बदलले आहे. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये आगगाडी आहे, टाकसाळ आहे, जातीजातींच्या चालीरीती आहेत, आणि माहितीचा तो फार मोठा ठेवा आहे. शहराची घाण डोक्यावरून वाहणाऱ्यांच्या कामासाठी १८८८ च्या महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' असे उघड नाव होते. जे नाव कराच्या यादीत आले ते देखाव्यात येऊ शकले नाही. ते साहित्यात यायला बाबुराव बागूल यावे लागले, १९७२ चा 'गोलपिठा' यावा लागला. त्या संग्रहाला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना ढसाळांकडून शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. मुंबईचे सगळे छापील नकाशे हाताशी असताना मुंबईतल्याच वस्तीत शिरायला वाटाड्या लागला. चित्राच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याने मान वळवली आणि चित्र काढणाऱ्याकडे पाहिले, असे त्या कवितेबद्दल म्हणता येईल.

१२ जानेवारी २०२४ पासून शिवडीहून न्हावाशेव्याकडे सागरी पूल सुरू झाला आहे. बंदराचा जो देखावा वेल्सला टेकडी चढून मिळत होता तो आता मोटारीच्या काचेतून मिळतो. पुलावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. उरणचा बहुसंख्य कामकरी ज्यावर बसतो तीच ही दोन वाहने. तो अजून भाऊच्या धक्क्यावरून लाँचनेच येतो, नाहीतर आता रेल्वेने.

लाँचमधून येताना मला एका चित्राची उणीव नेहमी जाणवते. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी मुंबईहून बोटीने महाडच्या सत्याग्रहाला निघाले. रस्त्याने जाणे विरोधकांनी अवघड केले होते. ती बोट याच बंदरातून बाहेर पडली, मुंबई मागे टाकून, डाव्या हाताला करंजाची टेकडी ठेवून. त्या दिवशी बंदराकडे पाहणारी माणसे कुणाच्या पालखीपाशी विसावलेली नव्हती, कठड्याला टेकून उभी होती. दुसऱ्या दिवशी ती दासगावला उतरली आणि महाडपर्यंत चालत गेली. महाडात सत्याग्रहाच्या मंडपासाठी जागा मिळत नव्हती. ती फत्तेखान यांनी दिली.